सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि पाव इंचाचे भोक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विमानतळावर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने महिनोन् महिने झाकून ठेवलेली दिसली की इंदूरकर विचारतो, "काय झालं याला?" पार्ट परदेशातून यायचा आहे, असे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "शेजारी पीथमपूरच्या कारखान्यांत ट्रकचे गिअर तयार होतात आणि यांना एक बोल्ट मिळत नाही? सियागंजाच्या बाजारात जाऊन बघा की!" प्रश्न भाबडा असला तरी त्याला नीट उत्तर द्यायला हवे. नाहीतर एक दिवस कुणीतरी खरेच सियागंजात जातो.

सुरुवात बोल्टापासूनच करू. सेसना १५२ किंवा १७२ ही विमाने अमेरिकेत इंचांच्या मापात बनली. तिथला एक नेहमीचा बोल्ट 'एएन ४' (एएन हे अमेरिकी लष्कर-नौदलाचे मानक). यातला ४ म्हणजे चार सोळांश, अर्थात पाव इंच : ६.३५ मि.मी. आपल्या बाजारात त्याच्या सर्वांत जवळचा बोल्ट एम ६, म्हणजे ६ मि.मी. तो भोकात जातो, नट आवळला जातो, वरून घट्टही वाटतो. पण बोल्ट आणि भोक यांच्यात साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची फट राहते. शेपटीच्या किंवा पंखाच्या सांध्यावर जोर एकाच दिशेने कधीच येत नाही, क्षणात इकडून तर क्षणात तिकडून येतो. त्या फटीत बोल्ट हातोड्यासारखा आपटत राहतो आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममधले भोक हळूहळू लांबट होते. मग ते भोक रीमरने (भोक नेमके वाढवायच्या हत्याराने) वाढवून पाच सोळांश इंचाचा बोल्ट घालावा लागतो, आणि त्यासाठी कडेला पुरेसा धातू शिल्लक आहे का हे पाहावे लागते. नसेल तर पूर्ण फिटिंगच बदलावे लागते. तीस-चाळीस रुपये वाचवायला गेलेला माणूस तिथे पोचतो.

मजबुतीचा मुद्दा त्याहून फसवा आहे. एएन बोल्टाची किमान ताणशक्ती चौरस इंचाला १,२५,००० पाउंड. बाजारातल्या ८.८ दर्जाच्या बोल्टाची ८०० मेगापास्कल, म्हणजे सुमारे १,१६,००० पाउंड. हे ऐकून कुणी म्हणेल, मग १२.९ दर्जाचा घ्या, तो तर जास्त मजबूत! इथेच खरा धोका आहे. इतक्या कडक पोलादावर विजेने मुलामा चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो. मुलामा दिल्यावर लगेच बोल्ट भट्टीत साधारण १९० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. हे झाले नसेल तर आवळताना चांगला वाटलेला बोल्ट काही तासांनी किंवा काही दिवसांनी, कुणी हात न लावता, डोक्याखालून तुटतो. भट्टी लागली होती की नाही हे बाहेरून ओळखता येत नाही. रंगही उपयोगाचा नाही. एएन बोल्टावरचा कॅडमियमचा सोनेरी मुलामा आणि बाजारातला पिवळा जस्ती मुलामा शेजारी ठेवले तर जाणकारही गोंधळतो. डोक्यावरची खूण पाहावी. पोलादी एएन बोल्टावर उठावाची फुली किंवा चांदणी असते, गंजरोधक पोलादावर एक आडवी रेघ, अ‍ॅल्युमिनियमवर दोन. शेजारी कारखान्याची खूण असते. पण खूण उमटवणाऱ्याला खोटी खूणही उमटवता येते, म्हणून कागद लागतो. त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे.

बोल्टाचा नंबर वाचतानाही लोक चुकतात. 'एएन ४-१०ए' मधले १० म्हणजे दहा मिलिमीटर नव्हे आणि दहा अष्टमांशही नव्हे. पहिला आकडा पूर्ण इंचांचा, दुसरा अष्टमांशांचा. म्हणजे १० हा एक इंच, १२ हा सव्वा इंच. त्यामुळे ८ आणि ९ हे नंबर अस्तित्वातच नाहीत. ते कुणी विकत असेल तर तिथेच थांबावे. शेवटच्या 'ए'चा अर्थ दांड्याला स्प्लिट पिनचे भोक नाही. ज्या सांध्यावर नट-बोल्ट फिरू शकतात तिथे भोकाचा बोल्ट, खाचांचा नट आणि पिनच हवी. तिथे फायबरचा नट, म्हणजे आतल्या फायबरच्या कड्याने आटे धरून ठेवणारा, चालत नाही. फायबरच्या नटाला आणखी दोन बंधने आहेत : १२१ अंश सेल्सिअसच्या वर तो वापरायचा नाही, म्हणजे एक्झॉस्टजवळ नाहीच, आणि बोटांनी फिरायला लागलेला नट पुन्हा लावायचा नाही. लांबी निवडताना दांड्याचा गुळगुळीत भाग सगळ्या पत्र्यांच्या जाडीएवढा असावा, आटे पत्र्याला टेकू नयेत. थोडाफार फरक वॉशरने भरून काढता येतो, पण एका बोल्टाखाली तीनपेक्षा जास्त वॉशर लागत असतील तर बोल्ट चुकीचा आहे.

आवळण्याबाबत एकच सांगतो. पाव इंची बारीक आट्याच्या बोल्टाला ५० ते ७० इंच-पाउंड पुरतात, म्हणजे जेमतेम ६ ते ८ न्यूटन-मीटर. गॅरेजमधले बरेच टॉर्क रेंच वीसपासून सुरू होतात. त्याने 'कट' आवाज येईपर्यंत आवळले तर बोल्ट ताणला गेलेलाच असतो. शिवाय फायबरचा नट मोकळा फिरवायला जो जोर लागतो तो आधी मोजून त्यात मिळवायचा असतो. हे नव्याण्णव टक्के लोक विसरतात, असे आमचे मत आहे. आकडा मनाचा आहे, पण फार चुकीचा नसावा.

आता ब्रेक. या छोट्या विमानांत ब्रेकच्या पिस्टनवर तेल अडवणारे रबराचे गोल कडे, म्हणजे ओ-रिंग असतात आणि तेल लाल रंगाचे, खनिज तेलापासून बनवलेले असते. त्याच्यासाठी रिंग नायट्राइल रबराची लागते. मोटारीच्या ब्रेकमध्ये ग्लायकोलचे तेल असते, त्याचे रबर वेगळे, बहुधा ईपीडीएम. दोन्ही काळी, दोन्ही गोल, हातात सारखीच. ईपीडीएमची रिंग लाल तेलात गेली की काही दिवसांत फुगते. पिस्टन पुढे जातो पण मागे येत नाही, ब्रेक चिकटून राहतो, डिस्क तापते. उलट चूकही होते : लाल तेलाच्या जागी मोटारीचे ब्रेक ऑइल ओतले की चांगली नायट्राइल रिंग खराब होते आणि ब्रेक गळायला लागतो. ज्या विमानाला धावपट्टीवर वळायला डाव्या-उजव्या ब्रेकचा आधार लागतो, त्याला एका चाकाचा ब्रेक गेला म्हणजे काय होते हे सांगायला नको.

मापाचा खेळही इथेच दिसतो. इंची रिंगची एक नेहमीची जाडी ०.१०३ इंच, म्हणजे २.६२ मि.मी. बाजारात २.५ मि.मी. सहज मिळते. फरक किती, तर ०.१२ मि.मी., केसाएवढा. पण ती रिंग ज्या खाचेत बसते तिथे तिला मिळणारी उंची सुमारे २.२६ मि.मी. असते. मूळ रिंग तिथे ०.३६ मि.मी. दाबली जाते, बाजारातली ०.२४. म्हणजे दाबाचा एक तृतीयांश भाग पहिल्याच दिवशी गेला. रिंग पाकिटातून काढली तेव्हाच तिची किंमत ठरते. पाकिटावर भाग क्रमांक, बॅच आणि रबर पक्के केल्याची तिमाही छापलेली असावी. सुट्या रिंगांचा डबा कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. साठवताना थंड, अंधारी जागा निवडावी. वेल्डिंग मशीन आणि विजेच्या मोटरीपासून दूर ठेवावे, कारण तिथला ओझोन रबराला चिरा पाडतो. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात इंदुरी उन्हात तापणारे स्टोअर ही रबराची जागा नव्हे.

विमानाचे अंग पुन्हा बांधताना सर्वांत जास्त वेळ खातो तो पत्रा, आणि सर्वांत कमी बोलले जाते तेही पत्र्याबद्दलच. सेसनाचा बराचसा पत्रा २०२४-टी३ या मिश्रधातूचा असतो. त्यात सुमारे साडेचार टक्के तांबे असते आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. जाडी ०.०२५ इंच, ०.०३२ इंच अशी. बाजारातला चकचकीत पत्रा ०.८ मि.मी. जाडीचा मिळतो. ०.०३२ इंच म्हणजे ०.८१ मि.मी., म्हणजे माप जवळपास जुळले! पण तो साधा व्यापारी अ‍ॅल्युमिनियम असेल तर त्याची ताकद निम्मीही नसते. ओळखायची एक घरगुती खूण आहे : साधा पत्रा हाताने वाकवला की वाकलेलाच राहतो, २०२४ स्प्रिंगसारखा परत येतो. अर्थात, खूण संशय घ्यायला उपयोगी, खात्री करायला नाही. खात्री पत्र्यावरच्या छापील ओळीने आणि तिच्या प्रमाणपत्राने होते. म्हणून पत्रा कापताना छापील ओळीचा तुकडा शेवटपर्यंत शिल्लक ठेवावा. रेघ मारायला सुई किंवा शिसपेन्सिल कधी वापरू नये. सुईच्या चरीतून तडा सुरू होतो, पेन्सिलीतला ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमला गंजवतो. मऊ टोकाचा मार्कर घ्यावा आणि नंतर पुसावा.

कारखान्याचा अस्सल नवा पत्रा आला तरी दुखणे संपत नाही. पूर्वी विमाने जिगवर बांधली जात, भोके जागेवर हाताने पाडली जात. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन विमानांतही रिब्जवरची (पंखाच्या आतल्या फासळ्यांवरची) भोके तंतोतंत एका जागी नसतात. नव्या पत्र्याला आधीच भोके पाडलेली असतील तर ती नकाशाशी जुळतात, आपल्या विमानाशी नाही. मग 'थोडेसे ओढून' बसवायचा मोह होतो. ओढलेला पत्रा पंखाला पीळ देतो आणि विमान हात सोडला की एका बाजूला झुकते. बिनभोकाचा पत्रा मागवणे आम्हाला अधिक सोयीचे वाटते. जुना पत्रा काढल्यावर फेकू नये, पण नमुना म्हणून त्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये, कारण तो ताणलेला असतो. पट्टीच्या भोक-शोधकाने आतल्या रिबचे भोक नव्या पत्र्यावर उतरवावे, आधी लहान भोक पाडावे, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी पिन) लावत मधून बाहेर जावे, दर चौथ्या भोकाला क्लेको लागला की पंखाचा पीळ मोजावा. रिव्हेट त्यानंतर.

आणि ती भोके कशाने पाडायची? एक अष्टमांश इंची रिव्हेटला ३० नंबरचे ड्रिल लागते, म्हणजे ३.२६ मि.मी. आपल्याकडच्या डब्यात ३.२ आणि ३.५ असतात. ३.२ च्या भोकात रिव्हेट अडते, आणि ठोकून घातली की कड फुगते. ३.५ च्या भोकात रिव्हेट आतल्या आत वाकते, बाहेरून डोके मात्र छान गोल दिसते. ठोकल्यावर मागचे डोके रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच हवे : म्हणजे सुमारे ४.८ मि.मी. रुंद, १.६ मि.मी. उंच. भोक बिघडले तर पाच बत्तीसांश इंची रिव्हेट घालता येते, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दुप्पट व्यास, म्हणजे ८ मि.मी. तरी उरायला हवेत. रिव्हेटही पाहून घ्यावी : विमानाच्या पत्र्याला लागणाऱ्या एडी जातीच्या डोक्यावर मधोमध खळगा असतो. डोके साधे, बिनखुणेचे असेल तर ती मऊ अ‍ॅल्युमिनियमची, खिडकीच्या पडद्याला ठीक.

स्टिअरिंगच्या, म्हणजे नियंत्रणाच्या दोऱ्यांचे तसेच. ७×१९ वेटाची, एक अष्टमांश इंची जस्ती पोलादी केबल किमान २,००० पाउंड, सुमारे ९०० किलो, तोडायला लागते. बाजारातली ३ मि.मी.ची वायररोप थोडी बारीक असते, कधी आत सुताचा गाभा असतो. एक अष्टमांशाची तांब्याची स्लीव्ह तिच्यावर दाबली की गेजमध्ये बरोबर येते आणि जोर आला की केबल निसटते. म्हणून तयार केबलला तिच्या ताकदीच्या ६० टक्के, म्हणजे १,२०० पाउंडांचा ताण देऊन तपासतात. आणखी एक स्थानिक गोष्ट : अ‍ॅल्युमिनियमचे अंग पोलादी केबलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. जानेवारीच्या सकाळी बरोबर लावलेला ताण मे महिन्याच्या दुपारी बराच वाढलेला असतो. तापमान लिहून घेतल्याशिवाय केबलच्या ताणाच्या आकड्याला अर्थ नाही.

पुढची काच, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावते. एक मीटर रुंद काचेत ५० अंशांच्या फरकाला दोन मि.मी.हून जास्त तफावत येते. स्क्रूची भोके घट्ट पाडली की पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून चिरा निघतात आणि दोष काचेवर येतो. थिनरने पुसणाऱ्याला तर काच घेऊच देऊ नये.

इंजिनाबद्दल लिहायचे तर पुरवणी काढावी लागेल, म्हणून दोनच गोष्टी. लायकमिंग या इंजिन कंपनीच्या सिलिंडरवर रंगाची खूण असते : नारिंगी म्हणजे आत क्रोमचा मुलामा, निळा म्हणजे नायट्राइड केलेले पोलाद. क्रोमच्या सिलिंडरमध्ये क्रोमची पिस्टन रिंग घातली तर दोन कडक पृष्ठभाग एकमेकांशी जुळतच नाहीत. तेल जळत राहते, सिलिंडर खरवडते. दोन्ही भाग अस्सल, दोन्हींचे कागद चोख, जोडी चुकीची. दुसरी : हायड्रॉलिक टॅपेटच्या (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढणाऱ्या भागाच्या) इंजिनांत नवा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर बसवल्यावर टॅपेटमधले तेल काढून फट मोजावी लागते, ती ०.०२८ ते ०.०८० इंच हवी. नसेल तर वेगळ्या लांबीचा पुशरॉड (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा) मिळतो. 'नवे आहे, बरोबरच असणार' म्हणून हे मोजणे टाळणारे कमी नाहीत.

नवे आणि अस्सल असूनही चुकते याचा दाखला उघड नोंदीत आहे. २०१५ च्या अखेरीपासून वर्षभर लायकमिंगने पाठवलेल्या कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकाच्या बुशिंगांपैकी (आत बसवलेल्या धातूच्या नळकांड्यांपैकी) काही पुरेशा घट्ट बसत नव्हत्या, जागेवरून सरकत होत्या. कंपनीने ६३२ क्रमांकाचे सर्व्हिस बुलेटिन काढले आणि अमेरिकेच्या विमान नियंत्रकाने २०१७ साली तपासणीचा आदेश दिला. बुशिंग ठरलेल्या जोराने दाबून ती हलते का हे पाहायचे होते. साधा कागद तपासून ही चूक सापडली नसती.

उलट बाजूही, म्हणजे दर्जाहीन किंवा खोटे भाग, तितकीच गंभीर. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले कॉन्व्हेअर ५८० समुद्रात कोसळले, ५५ जण गेले. शेपटीच्या उभ्या पंखाला धरणारे बोल्ट आणि त्यांच्या नळ्या ठरलेल्या दर्जाच्या नव्हत्या. आणि २०२३ साली ब्रिटनमधल्या एका व्यापाऱ्याने प्रवासी विमानांच्या इंजिनांसाठी खोट्या प्रमाणपत्रांसह भाग विकल्याचे उघड झाले. तिथे हात कागदावरच मारला होता.

म्हणून स्टोअरमध्ये भाग आल्या आल्या कागद आणि माप या दोन्ही गोष्टी तपासायच्या. आपल्या विमान नियंत्रकाचा, म्हणजे डीजीसीएचा, सीए फॉर्म १, अमेरिकेचा ८१३०-३ किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म १ यांपैकी जो असेल त्यावरचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि संख्या डब्यातल्या वस्तूशी ताडून पाहावी. 'स्थिती'चा रकाना शांतपणे वाचावा : 'तपासलेला' म्हणजे 'ओव्हरहॉल केलेला' नव्हे, आणि किमतीत इथेच फसवणूक होते. बोल्ट-रिव्हेटसारख्या प्रमाणित वस्तूंना फॉर्म १ लागत नाही, पण त्या कोणत्या मानकाप्रमाणे बनल्या आणि कुठून आल्या याचा दाखला लागतो. पत्रा आणि नळ्यांनाही तसाच. मग मायक्रोमीटर. ज्याचा कागद किंवा माप जुळत नाही तो भाग कुलपातल्या वेगळ्या कपाटात ठेवावा, 'नंतर बघू'च्या टेबलावर नाही.

जुनी विमाने हौसेने उभी करणाऱ्यांना एक सावधगिरी. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या पुष्पकने १९५८ साली पहिले उड्डाण केले. तशा विमानांच्या सांगाड्यात पोलादी नळ्या असतात. जुनी नळी पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मि.मी. असेल तर बाजारातली १९ किंवा २० मि.मी.ची शिवणीची नळी 'जवळपास' बसते. पण ती साध्या पोलादाची असेल तर ४१३० क्रोम-मॉलिब्डेनमच्या मानाने ताकद दोन तृतीयांशच्या आसपास, आणि आतून गंज धरलेली आहे की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही.

पीथमपूरच्या प्रश्नाकडे परत येतो. तिथल्या कारागिरांच्या हातात कौशल्याची कमी नाही आणि बरेच काम आजही त्यांना देता येते : पंख ठेवायचे घोडे, ड्रिलचे बुश, पत्रा धरायचे जिग, इंजिनचे स्टँड, ओढायचे दांडे. यातले काहीही विमानाबरोबर उडत नाही, पण यातल्या प्रत्येक वस्तूवर विमानाचे माप अवलंबून असते. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे कडकपणा आणि ताण मोजायची यंत्रे असतात. उड्डाण प्रशिक्षण संस्थांनी त्यांच्याशी बोलून, आलेल्या प्रत्येक बॅचमधले एक-दोन बोल्ट तोडून पाहायची सोय करावी. जुलै २०२४ पासून विमानाच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी) लागतो, म्हणजे परदेशी भाग करामुळे परवडत नाही ही सबब पूर्वीइतकी चालत नाही.

आणि भंगार. आयुष्य संपलेला किंवा नापास झालेला भाग नुसता लोहामंडीला देऊ नये. नंबर घासला, रंग मारला की तो पुन्हा डब्यात बसून येतो. सिलिंडर असेल तर फिन्ससकट आरपार कापावा, क्रँकशाफ्ट दोन ठिकाणी कापावा, बोल्टाचे आटे छिन्नीने मोडावेत, आणि त्याचा फोटो व अनुक्रमांक नोंदवहीत ठेवूनच गाडी भरावी.

आपले,
विमान देखभाल क्षेत्रातील दोन वाचक,
इंदूर